तेरा पावलं

डॉक्टरांनी आत्याला तीन गोष्टी करायच्या नाहीत म्हणून बजावलं होतं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि रागवायचं नाही. पहिल्या दोन तिनं दवाखान्यात चार दिवस इमानेइतबारे पाळल्या. तिसरी घरी पोचल्यावर पाच मिनिटांत मोडली, आणि ती मोडल्याचा तिला आजही पश्चात्ताप नाही.

आत्या जोडे शिवायची. भावाच्या मुलांची ती आत्या. मुलं मोठी होऊन परगावी गेली, पण तोवर सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली होती. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि भावजय, खाली रस्त्याच्या बाजूला दुकान, दुकानामागे आत्याची खोली. बाजारात तयार जोड्यांचे ढीग लागलेले असताना हिच्याकडे कोण मरायला येतं, असं पुष्कळांना वाटे. ज्यांना बाजारातला जोडा होत नाही ते येतात. असे लोक तुम्हाआम्हाला वाटतात त्याहून जास्त असतात, फक्त ते आपले पाय चारचौघांत दाखवत नाहीत.

दवाखान्यातून तिला भाऊ घेऊन आला. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, त्यावर पट्टी, पट्टीवर काळा चष्मा. दुकानाच्या पायरीशी तो थांबला आणि बक्षीस मिळालेल्या पोरासारखा हसत म्हणाला, "ताई, डोळे मीट."

"एक मिटलेलाच आहे. दुसरा मिटला तर इथंच आपटेन. काय ते दाखव."

त्यानं दार उघडलं. दुकानाला रंग दिला होता. बारा वर्षांचे गोंदाचे ओघळ, तेलाचे हात, दिव्याच्या वरचा काळा पट्टा, सगळं जाऊन भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. काम चांगलं झालं होतं आणि भावानं रजा काढून ते स्वतः केलं होतं. आत्याला खरोखर भरून आलं. "छान केलंस रे," असं ती म्हणालीसुद्धा. मग तिनं डावीकडची भिंत पाहिली.

त्या भिंतीवर खुंट्यांच्या तीन ओळी होत्या. वरच्या दोन ओळींवर लाकडी साचे जागच्या जागी टांगलेले होते. खालच्या ओळीतल्या तेरा खुंट्या रिकाम्या होत्या. त्यांच्या वर, नव्या खिळ्यावर, जुन्या खिडकीच्या चौकटीत बसवलेलं एक भलंमोठं चामड्याचं फूल लटकत होतं. तपकिरी, काळपट, मधाच्या रंगाच्या पाकळ्या एकीवर एक चढवलेल्या. चौकटीच्या बाजूला भावजय हात पुसत उभी होती.

"तुमच्यासाठी केलंय, वन्सं," ती म्हणाली. "घरी आल्यावर पहिलं काहीतरी सुंदर दिसावं म्हणून."

"खालची पावलं कुठायत?" आत्यानं विचारलं.

पावलं म्हणजे ते लाकडी साचे. ज्याच्यावर चामडं ताणून जोडा बेततात तो पायाच्या आकाराचा ठोकळा. वरच्या ओळींतले साचे सरळ मापांचे होते, तसे कुठंही मिळतात. खालच्या ओळीतला एकही कुठं मिळाला नसता. कुणाची दोन बोटं कापलेली, कुणाचा घोटा बाहेर आलेला, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. अशा पायांसाठी आत्या साध्या साच्यावर चामड्याच्या चकत्या चिकटवत जायची. इथं एक, तिथं अर्धी, टाचेमागे पातळ, अंगठ्याखाली जाड. माणूस जोडा घालून महिनाभर हिंडून आला की सांगायचा, इथं टोचतं, तिथं सैल आहे. की आत्या एक चकती काढायची, दुसरी घालायची. पाय वर्षावर्षानं बदलतो, त्याबरोबर पाऊलही बदलायचं. दिसायला ती पावलं भयंकर होती. गोंद, ठिगळं, खिळे, काळे डाग. पण त्यातलं एकेक बनायला दहा-दहा, वीस-वीस वर्षं लागली होती.

"अच्छा, ती होय!" भावजय म्हणाली. तिचा चेहरा अजून फुललेलाच होता. "ती खोक्यावर होती की."

आता हे खोकं काय ते सांगायला हवं. भावजयीला एक वेड होतं आणि त्या वेडात तिचा हात फार चांगला होता, हे आत्याही कबूल करायची. टाकाऊतून ती घर सजवायच्या वस्तू करायची. तडकलेल्या बशांचे तुकडे जडवून आरशाची चौकट, विरलेल्या स्वेटरांच्या उशा, मोडक्या छत्रीच्या काड्यांचा दिवा. भंगारवाल्याच्या दुकानात ती सराफाच्या दुकानात गेल्यासारखी जायची. आत्याच्या दुकानातली कातरण तिला हवी असायची, म्हणून बारा वर्षांपूर्वी दोघींचं ठरलं होतं. मागच्या दाराशी एक खोकं. त्यात किंवा त्यावर जे असेल ते भावजयीचं, न विचारता घ्यावं. बाकी दुकानातल्या सुईलाही हात लावायचा नाही. बारा वर्षांत तिनं हा नियम एकदाही मोडला नव्हता. या वेळीही मोडला नाही, आणि आत्याला चीड आली ती त्याचीच, कारण भांडायला धड जागासुद्धा उरली नाही.

"खोक्यावर कुणी ठेवली?"

भाऊ रंगाच्या डब्याकडे बघायला लागला. "ताई, भिंत रिकामी करायची होती. चांगले साचे मी कपाटात ठेवले. ते बाकीचे... तुटकेफुटके वाटले गं. सगळीकडून ठिगळं. मला वाटलं, टाकायला काढलेत."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जोड्यांच्या घरात जन्मला हा, बापाच्या मांडीवर बसून खिळे मोजायला शिकला, आणि पन्नाशीला आला तरी पावलाला पाऊल म्हणून ओळखत नाही! परक्यानं केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

"विचारायला तोंड नव्हतं?"

"तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"मिळालं!"

भावजयीला अजून वाटत होतं की वस्तू दाखवल्या की राग निवळेल. तिनं फोन पुढं केला. "बघा तरी वन्सं, काय रूप आलंय. सगळा थर यंत्रावर घासून काढला, आतलं लाकूड इतकं सुरेख निघालं! मग रंग दिला. नव्या कॅफेवाल्यानं तेराच्या तेरा नेली, त्याच्या भिंतीवर टोप्या-छत्र्या टांगायला." आत्यानं डावा डोळा फोनला लावला. पांढऱ्या विटांच्या भिंतीवर तेरा गुळगुळीत पावलं, निळी, पिवळी, पोपटी. प्रत्येकाच्या अंगठ्यात वस्तू अडकवायला एक पितळी आकडा.

"थर घासून काढलास," आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला की भाऊ एक पाऊल मागं सरला. "थर नव्हता तो, बाई. पाय होता."

तेवढ्यात दारात टपालवाली आली. वेळ साधावी तर अशी.

टपालवाली म्हणजे या भागात घरोघर टपाल वाटणारी बाई. लहानपणी डाव्या पावलावरून गाडीचं चाक गेलं होतं आणि हाडं वाकडी बसली होती. बावीस वर्षं ती आत्याच्या जोड्यावर सबंध चढाची फेरी करत आली होती, दिवसाला चार तास, पाऊस असला तर पाच. आज तिच्या पायात साधी चप्पल होती, टाचेला फडकं गुंडाळलेलं, आणि हातात तिचा डावा जोडा. भिजून फुगलेला, तळ अर्धा सुटलेला, बोटांजवळ उसवलेला.

"डोळा बरा आहे ना, आत्या?" तिनं आधी तेच विचारलं. मग जोडा पुढं केला. "हा मात्र गेला. आणि आमचे नवे साहेब म्हणाले, एक तारखेला फेरीवर दिसला नाहीत तर फेरी दुसऱ्याला देतो. मी रोजावरची बाई. फेरी गेली म्हणजे मीही गेले."

एक तारखेला नऊ दिवस होते. जोड्याला सहा लागत.

"होईल," आत्या म्हणाली.

टपालवालीनं सवयीनं भिंतीकडं पाहिलं. खालची ओळ, डावीकडून चौथी खुंटी. तिचं पाऊल तिला ठाऊक होतं. "माझं पाऊल दिसत नाही ते?"

"आत ठेवलंय, आत," भाऊ घाईघाईनं म्हणाला. "रंगाचं काम होतं ना."

टपालवाली फडकं आवळून लंगडत निघून गेली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत आत्यानं वाट पाहिली. मग भावाला म्हणाली, "तू वर जा. आणखी एक खोटं माझ्या दुकानात बोललास तर हा रंगाचा डबा तुझ्या डोक्यावर ओतीन." पन्नाशीचा बाप्या मुकाट्यानं जिना चढून गेला.

राहिली भावजय. तिचा चेहरा उतरला होता, पण तिचीही एक बाजू होती आणि ती गप्प बसणारी नव्हती. "वन्सं, चूक झाली. पण मी काही चोरी केली नाही. आणि त्यांचं माप पुन्हा घ्या ना. जुन्या जोड्यावरून घ्या."

"फुगलेल्या जोड्यावर बेतलं तर फुगलेलाच जोडा होतो. आणि माप पहिल्या वर्षीही घेतलं होतं, चांगलं दोरीनं, फुटपट्टीनं. तीन जोडे वाया गेले. तिसऱ्यात तिचा मोजा रक्तानं चिकटला. चौथ्यात ती कशीबशी चालली. पुढची बावीस वर्षं मी नुसत्या चकत्या बदलतेय. आणि आता माझा एक डोळा पट्टीत!"

"पण एवढ्याशा चकत्या, वन्सं! नखाएवढं कातडं ते. त्यानं असा काय फरक पडतो?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. भावजय तसं बोलली नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

आत्या खाली बसली. वाकायचं नाही हेही मोडलं. कातरणीतून तिनं एक तुकडा ओढला, चामडं कापायची रापी घेतली आणि एका डोळ्यानं, खरं तर बोटांनीच, एक चकती कापली. कडा उतरवल्या, अंगठ्यानं दाबून जाडी पाहिली. "टपालवालीच्या अंगठ्याखाली एवढंच होतं," ती म्हणाली. "हे, आणि बाकी पावलाला आणखी पाच. काढ तुझा जोडा."

"काय?"

"डावा. काढ."

भावजयीच्या पायातला जोडा आत्यानंच शिवलेला होता, मऊ आणि मापात. अंगठ्याखाली तिनं ती चकती चिकटवली. "घाल आता. आपण कॅफेत जाऊ. पावलं आणायची आहेत."

"चालत?"

"नाही, पालखी मागवते!"

कॅफे चढावर होता, अर्ध्या तासाच्या वाटेवर. पहिल्या कोपऱ्यापर्यंत भावजय बोलत होती. लोकांनी वस्तू टाकू नयेत, कचरा किती वाढलाय, तिनं वाचवलेल्या खुर्च्या आता कुठं कुठं आहेत. सगळं खरंच होतं. आत्यालाही वस्तू टाकलेली खपत नसे. पण तिला दुसरंच काहीतरी बोचत होतं आणि ते तिनं रस्त्यावरच बोलून दाखवलं.

"तू मोडकं ते सजवतेस, ते चांगलंच आहे. पण हल्ली चालू असलेलंच सजवायला घेतात. शिडीवर चढायचं सोडून कुंड्या ठेवतात. पेटीत कपडे ठेवायचे सोडून तिचं टेबल करतात. माणूस अजून त्या वस्तूवर पोट भरत असतो, आणि यांना ती जुनी म्हणून गोड वाटते! विचारत कुणी नाही, की बाबा रे, तुझं काम संपलं का?"

दुसऱ्या कोपऱ्यावर भावजयीची चाल मंदावली. दुकानांची रांग संपली तेव्हा ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होती. चढ लागल्यावर तिनं एक हात भिंतीला लावला.

"वन्सं, काढू का?"

"टपालवालीला विचार."

"टोचतंय हो."

"बरोबर जागी असती तर टोचली नसती. चुकीच्या जागी आहे, म्हणून टोचतंय. फरक पडतो का नाही?"

उरलेला चढ दोघी तशाच चढल्या, एक एका डोळ्यानं, एक एका पायानं.

कॅफेत गर्दी होती. मालक तरुण होता, दाढी कोरलेली, बोलणं त्याहून कोरलेलं. भावजयीला पाहून त्याला आनंद झाला. लोक येऊन त्या भिंतीसमोर फोटो काढतात, त्यानं सांगितलं.

आत्या तोवर भिंतीशी गेली होती. तिला रंग धड दिसत नव्हते, पण तिला रंगांशी काय करायचंय! तिनं एकेका पावलाच्या तळाला हात घातला. प्रत्येकाच्या तळाशी तिनं तापल्या सळईनं खूण उमटवलेली होती, ती रंगाखालीही बोटाला लागत होती. एकावर टोपी होती, एकावर पिशवी. सहाव्यावर कुणाचा तरी ओला रेनकोट लटकत होता. त्याच्या तळाला पाकिटाची खूण लागली. चौकोन, वर दोन तिरप्या रेघा.

"हे सगळं मला परत हवंय," आत्या म्हणाली.

मालक हसला. "आजी, मी या वस्तू रीतसर घेतल्यात. आणि खरं सांगू, मला त्या द्याव्याशा वाटत नाहीत. अशा जुन्या वस्तूला एक गोष्ट असते."

बिचाऱ्याला कुठं माहीत होतं तो काय बोलून बसला ते.

"गोष्ट ऐकायचीय तुला?" आत्याचा आवाज चढला आणि कपांचे आवाज थांबले. "ऐक मग. हे पिवळं, ज्याच्यावर तू टोपी टांगलीस, ते एका गवंड्याचं. त्याच्या पायावर भिंत पडली, दोन बोटं गेली. तो अजून काम करतो. ही तुझी पांढरी वीट त्यानंच रचलेली असेल, काय सांगावं! हे पोपटी शाळेतल्या बाईंचं. त्यांचा पाय सुजतो, उभं राहून शिकवतात, सहा तास. हे दवाखान्यातल्या आयाचं. मला काल रात्री तिनंच पाणी दिलं. आणि हे निळं टपालवालीचं. तुझं टपाल कोण आणून देतं? ती ज्या पायावर हा चढ चढून येते, त्या पायाच्या अंगठ्यात तू आकडा ठोकलास आणि त्यावर रेनकोट टांगलास! ही सगळी माणसं जिवंत आहेत. त्यांना चालायचंय. ही भिंत नाही, ही तेरा माणसं उलटी टांगली आहेत तुम्ही. काढा फोटो!"

कोपऱ्यातली एक बाई उठली. भिंतीशी आली, तिनं आपला रेनकोट काढून घेतला आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. मग टोपीवालाही उठला.

मालकाचा चेहरा पडला होता, पण तो व्यवहारी माणूस होता. "पण भिंतीला तेरा भोकं राहतील, त्याचं काय?"

भावजय इतका वेळ एका स्टुलावर बसून होती. तिनं जोडा काढला, मोजा काढला. अंगठ्याखाली फोड आला होता आणि फुटला होता. तिनं तो बराच वेळ पाहिला. अर्ध्या तासाचा चढ, एक चकती. मग ती अनवाणीच उठली, तेच स्टूल तिनं भिंतीला लावलं आणि पर्समधला पेचकस काढला. तो तिच्या पर्समध्ये सदैव असायचा.

"तेरा आकडे मी तुम्हाला जुन्या चमच्यांचे करून देते," ती मालकाला म्हणाली. "चमच्यांनी कुणी चालत नाही. आता पिशवी द्या एखादी."

तेरा पावलं उतरवून, फोडाच्या पायानं थांबत थांबत घरी येईपर्यंत दिवस कलला होता. आत्यानं टेबलावरचा दिवा लावला आणि निळं पाऊल हातात घेतलं. कॅफेत रागाच्या भरात जे ध्यानात आलं नव्हतं ते आता आलं. पाऊल गुळगुळीत होतं. टाच साधी, बोटं साधी, कुणाचंही असावं असं. ठोकळा मिळाला होता, पाय नव्हता. बावीस वर्षं घासली गेली होती, आणि अंगठ्यात वर एक भोक. आत्यानं ते टेबलावर ठेवलं आणि आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पट्टीतल्या आणि उघड्या, दोन्ही.

"कुठं फेकलंस ते?" ती म्हणाली. "घासताना चकत्या निघाल्या असतील. कुठल्या कचऱ्यात गेल्या?"

"मी काही फेकत नाही, वन्सं," भावजय म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. "यंत्र लावायच्या आधी पटाशीनं सोडवून घेतल्या होत्या. रंग इतके छान होते..."

दोघींनी एकदमच भिंतीकडं पाहिलं.

चामड्याचं फूल. सकाळी आत्या त्याच्यासमोरच उभी राहून तणतणली होती. भावजयीनं चौकट खाली घेतली. तिच्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं, तीन रात्री बसून केलेलं. तिनं ते टेबलावर पालथं घातलं, मागचा पुठ्ठा उचकटला आणि एकेक पाकळी सुरीनं सोडवायला सुरुवात केली. दर पाकळीच्या मागं, गोंदाखाली, बॉलपेननं एक खूण आणि एक वर्ष लिहिलेलं होतं. आत्याची सवय ती.

"पाकीट," भावजय वाचायची आणि बाजूला ठेवायची. "हे काय, थापी? गवंड्याचं. हे पुस्तक, बाईंचं. पाकीट. हे परत पाकीट."

"कडा कापल्यास तू," आत्या बोटानं चाचपत म्हणाली.

"पाकळीसारख्या दिसाव्यात म्हणून."

"पाकळीसारख्या!" आत्या पुन्हा उसळली. "कडा मी करीन पुन्हा. जाडी शाबूत आहे हे तुझं नशीब."

पाकिटाच्या खुणेच्या पाच चकत्या निघाल्या. सहावी निघेना. सगळं फूल सुटं झालं, टेबलभर पाकळ्या झाल्या, पण सहावी नव्हती. टपालवालीच्या अंगठ्याखालची. जिच्यावर सगळा भार येतो तीच. बहुधा ती फारच झिजलेली होती आणि यंत्रावर भुकटी होऊन गेली.

"तिची जाडी काय होती?" भावजयीनं विचारलं.

"वर्ष लिहिलेलं असायचं, जाडी नाही. जाडी हाताला ठाऊक असते. आता हाताला विचारायला गेलं की डोकं मध्ये येणार, असेल का, नसेल का..." आत्या थांबली. भावजय खाली वाकून आपला डावा जोडा काढत होती. आतून तिनं ती सकाळची चकती सोडवली. घामानं ओली झालेली, कडेला फोडाचा लालसर डाग लागलेली.

"सकाळी तुम्ही रागात होतात," ती म्हणाली. "डोकं मध्ये नव्हतं."

आत्यानं चकती बोटांत धरली. दाबली, फिरवली. मग निळ्या पावलाच्या अंगठ्याखाली ठेवून वरून अंगठा फिरवला, आणि गोंदाची बरणी जवळ ओढली.

पुढचे सहा दिवस भावजय खाली दुकानात बसली. आत्याचा डोळा ती झाली. दोरा ओवला, रेषा आखली, सांगितलं तिथंच हात लावला. बोलणी रोज खाल्ली. आत्याचा राग काही ओसरला नव्हता आणि ओसरावा असं तिला वाटतही नव्हतं. उरलेली बारा पावलं अजून नागडी होती, पाकळ्या खुणांप्रमाणे बारा वाट्यांत पडल्या होत्या, आणि कितीतरी पाकळ्या मिळालेल्याच नव्हत्या. गवंड्याला, बाईंना, आयाला पुन्हा बोलवावं लागणार, पुन्हा टोचणार, पुन्हा सैल होणार. ती वर्षं कोण देणार, असं ती दर दोन तासांनी विचारायची, आणि भावजय दरवेळी मान खाली घालायची. भाऊ चहा घेऊन जिना उतरायचा, पेला ठेवायचा आणि बोलणी बसायच्या आत वर जायचा.

तीस तारखेला टपालवालीनं जोडा घातला. दुकानात चार फेऱ्या मारल्या. आत्या, भावजय आणि जिन्यात थांबलेला भाऊ, तिघंही तिच्या पावलांचा आवाज ऐकत होते. ती दारापर्यंत गेली, परत आली, उजव्या-डाव्या पायाचा आवाज सारखाच आला.

"कधीच नवा वाटला नाही हा जोडा," ती म्हणाली. "आजही नाही." आत्यासाठी याहून मोठी शाबासकी नव्हती. तिनं टपालवालीला सगळं खरं सांगितलं, पाऊल कुठं होतं, त्यावर काय टांगलं होतं, अंगठ्यात भोक का आहे. टपालवालीनं ते भोक पाहिलं, भावजयीकडं पाहिलं, आणि बोलली काहीच नाही. ते न बोलणं भावजयीला आत्याच्या सहा दिवसांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

एक तारखेला सकाळी टपालवाली फेरीवर आली. तिच्या पिशवीत भावजयीच्या नावाचं एक जाड पाकीट होतं, सही घेऊन द्यायचं. भावजयीनं दारातच ते फोडलं. कुठल्याशा मोठ्या हॉटेलचं पत्र होतं. कॅफेतल्या पावलांचे फोटो त्यांनी पाहिले होते, त्यांच्या दालनासाठी तशीच तीस हवी होती, जितकी जुनी आणि वेडीवाकडी तितकी उत्तम.

भावजयीनं पत्र दोनदा वाचलं. मग तिनं समोर पाहिलं. टपालवाली पायरीवर उभी होती, पिशवी खांद्यावर, पुढं अख्खा चढ बाकी.

"थांबता का जरा? उत्तर आत्ताच देते."

तिनं पेन मागून घेतलं, पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "पावलं मिळणार नाहीत. ती कामावर आहेत." पाकिटात घालून, पत्ता लिहून, तिकीट लावून तिनं ते टपालवालीच्या हातात दिलं. टपालवालीनं ते पिशवीत टाकलं आणि ती चढ चढायला लागली.